भांडणाखालचं पाणी

गुरुजी, उधव्याच्या शाळेत तुम्ही शिकवलेलं बाकी बहुतेक विसरलो, पण तो एक दिवस तेवढा राहिलाय. दोन पाड्यांत वाघदेवाच्या दगडावरून काठ्या निघाल्या होत्या. दगड आमच्या हद्दीत, असं दोघंही म्हणत होते, आणि आम्ही पोरं वर्गात फुशारक्या मारत होतो, की माझा बाप देवासाठी डोकी फोडणार. तुम्ही पुस्तक मिटून आम्हाला टेकाडावर नेलंत आणि दगडामागचं झुडूप हाताने बाजूला केलंत. खाली झरा. भर उन्हाळ्यात वाहता. "देव दगडात आहे रे," तुम्ही म्हणालात, "पण भांडण पाण्यात आहे." पुढे तालुक्याला खेटे घालून तुम्ही दुसऱ्या पाड्याला विहीर मिळवून दिलीत, आणि दगड कोणाच्या हद्दीत हे विचारायचंच लोक विसरून गेले.

त्या एका वाक्यावर मी जगलो म्हटलं तरी चालेल. दुसऱ्याच्या वाडीत चिकूच्या पाट्या उचलणारा मी, आज चिखल्याला माझी स्वतःची वखार आहे. तुम्ही म्हणायचात तसे माझे कान तिखट, त्यांचाच धंदा केला. एखादा व्यापारी गुजरातीतून देवाधर्माचं बोलायला लागला, की मी ओळखायचो, आज हा भाव पाडणार. कधी चुकलो नाही. म्हणून तर या वेळीही तेच केलं.

वखारीत दोघं चुलतभाऊ कामाला होते, कासाकडच्या एकाच पाड्यातले. एका जीपने यायचे, एका डब्यात जेवायचे. धाकट्याची बायको फार दिवस अंथरुणाला खिळलेली. प्रार्थनेची माणसं घरी येऊन बसू लागली, ती उठून हिंडूफिरू लागली, आणि धाकटा रविवारी प्रार्थनेला जाऊ लागला. तिथवर कोणी काही बोललं नाही. पण पेरणीआधी गावदेव करतात, त्याला घरटी एक कोंबडी आणि तांदूळ द्यायचा असतो. धाकट्याने दिला नाही. त्या दिवसापासून डबे दोन झाले.

"शेठ, त्याला सांगा," थोरला चिकू निवडता निवडता म्हणाला, धाकट्याकडे न बघता. "देव नको तं नको. पण गावाचा वाटा तरी दे. उद्या पीक बुडालं तं कोणाला धरायचं, त्याच्या पाद्रीला?"

"शेठ, ह्याला माझी कोंबडी नाय पायजे," धाकटा तिकडून म्हणाला. "माझी मान खाली पायजे."

मी हसलो. म्हटलं, थांबा, तुमचं पाणी शोधतो. कान लावून बसलो आणि सापडलंही. दोघांच्या आज्याची जमीन. रस्त्याला लागलेला तुकडा वाटणीत धाकट्याकडे गेलेला, थोरल्याकडे वरचं माळरान. मी धाकट्याला गळ घातली. बाबा रे, अदलाबदल कर, तुला गावात राहायचंय ना? त्याला खरंच तेवढंच हवं होतं, गावात राहायला मिळणं. तो कबूल झाला. थोरला माझ्या ओट्यावर चहा प्यायला, "शेठ, तुमी देवमाणूस" म्हणाला, आणि मला वाटलं, आज गुरुजी असायला हवे होते.

पुढच्या वर्षी गावदेवाच्या दिवशी माणसं धाकट्याच्या घरावर गेली. पुढे थोरला. कौलं फोडली, त्याला अंगणात ओढला, हात मोडला. कासाच्या दवाखान्यातून मी तडक थोरल्याकडे गेलो. "अरे, जागा मिळाली ना तुला?"

"मिळाली ना," तो म्हणाला. चेहऱ्यावर राग नाही, काही नाही. "म्हणून तं गेलो, शेठ. आधी उचलला असता हात तं लोक म्हणाले असते, जागेसाठी मारतो. आता कोण बोलंल? आता देवाचं काम निखळ झालं."

गुरुजी, त्याचा स्वार्थ त्याला अडवत होता, आणि तो मी माझ्या हाताने दूर केला.

नंतर ऐकलं, की गर्दीतल्या काहींनी धाकट्याच्या पडवीचे पत्रे नेले, शेळ्या सोडून नेल्या. खोटं कशाला बोलू, ते ऐकून मला बरं वाटलं. म्हटलं, हे बघा, आहे, पाणी आहे. पण थोरल्याने त्यातली काडीही उचलली नव्हती, आणि तो पुढे नसता तर पत्रेवाले उंबऱ्याच्या आत आले नसते. पत्र्यांची आशा नसती तर त्याच्या मागेही कोण गेलं असतं? एकाला देव लागतो, दुसऱ्याला शेळी. चालतात मात्र बरोबर. यांतलं काय बाजूला केलं असतं तर दुसरं थांबलं असतं, ते मला अजून कळलेलं नाही.

दवाखान्यात धाकटा प्लास्टरचा हात छातीवर घेऊन पडला होता. मी म्हटलं, तक्रार कर, मी उभा राहतो. तर हसला. "नाय शेठ. येशूनं निवडलं मला ह्याच्यासाठी." त्याच्या तोंडावर असा आनंद होता की मला थोरल्याहून त्याची भीती वाटली. खाटेजवळ खाली चटईवर त्याची बायको बसली होती. ती म्हणाली, "ह्यांना निवडलं. मला कोणी इचारलं?"

पाड्यात ती दोघं परत गेली नाहीत. उंबरगावला कुठल्याशा कारखान्यात आहेत म्हणे. थोरला अजून माझ्याकडेच चिकू निवडतो. रस्त्याकडचा तुकडा तसाच पडलाय, गवत वाढलंय कमरेइतकं.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकायचं, हा प्रश्नच नाही. तुम्ही हयात असतात तरी टाकलं नसतं. हल्ली कोणी काम मागायला आला, की मी विचारतो, रविवारी कामावर येशील ना? तो जरा घुटमळला, की सांगतो, जागा नाही. धर्म म्हणून नाही, गुरुजी, वखारीत भांडण नको म्हणून. त्याला हे दोन्ही सारखंच ऐकू येत असणार.