चेटकिणीचा आवाज

४ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

परवा फोन आपटला त्याबद्दल आधी माफी. फोनवर माझी जीभ माझ्या पुढे धावते, म्हणून कागद घेतला. पत्र आपटता येत नाही.

बाबा बरे आहेत. मीही. कारखान्यात कवळ्यांची गर्दी आहे. दिवसभर लोकांचे दात मेणात बसवते आणि तुझ्या नावाने माझे दातओठ खाते.

आपल्या चेटकिणीच्या सिनेमाचा दुसरा भाग सत्तावीस वर्षांनी येतोय हे तू सांगितलंस, तेव्हा मी स्टुलावरून पडायचीच बाकी होते. ती भोपळ्याच्या दिव्यांची रात्र, सोंगं घेऊन दारोदार फिरणारी पोरं, आणि मंत्र विसरून फौजदाराची किटली करणारी ती वेंधळी बाई. कॅसेट घासून पडद्यावर मुंग्या यायला लागल्या तरी आपण बघायचो. पण पुढे तू म्हणालीस की या खेपेला तिला आवाज तू देणार.

ताई, नको ना देऊस. तो आवाज आईचा आहे. ती गेली तेव्हा तू पंधरा वर्षांची होतीस, मी पाच. तुझ्याकडे पंधरा वर्षांची आई आहे. माझ्याकडे एक तास अडतीस मिनिटं आहेत, त्यातही ती नाकात बोलते. चेटकीण म्हटल्यावर माझ्या कानात उद्या तू आलीस, तर माझ्याकडे काय उरलं?

बाबांना विचारलं. ते नेहमीसारखे चपला घालून बाहेर पडले.

रागावू नकोस. रागावलीस तरी लिही, आणि लोभ जरा सांभाळून ठेव, सध्या मला लागतोय.

तुझी,
ठमी

११ सप्टेंबर

चि. ठमीस,
अनेक उ. आ.

पत्र मिळालं. रागावले नाही. वाचून स्टुडिओच्या जिन्यात थोडा वेळ बसून राहिले, एवढंच.

मी नाही म्हटलं म्हणून काम थांबणार नव्हतं. मराठी संवाद मीच लिहिलेत, त्यामुळे आवाज निवडायला मला बसवलं होतं. सात जणी आल्या. एकीने चेटकिणीला खुनशी केलं, एकीने लाडावलेलं बाळ. आईने तिला कशी ठेवली होती आठव. धक्का लागला तर स्वतःच्या झाडूची माफी मागणारी. सातवी गेल्यावर मीच उठून माइकसमोर उभी राहिले. कोणी सांगितलं नव्हतं.

आता एक गोष्ट, जी तुला कधी बोलले नाही. आईच्या डबिंगला मी बरोबर असायचे. भिंतींना गाद्या लावलेल्या खोलीत ती उभी, आणि काचेच्या अलीकडे मी भूमितीची वही घेऊन. ते मोठं हसणं तिने किती वेळा केलं याला गणती नाही. दर वेळी खोकला यायचा, की थर्मासमधलं गरम पाणी पिऊन पुन्हा सुरू. हे सगळं मला दिसतं गं, पण ऐकू येत नाही. तिचा साधा आवाज, भाजी कोणती करू असं विचारणारा, माझ्याकडूनही गेला. आठवायला बसले की चेटकीणच बोलायला लागते. दुसऱ्यांचे आवाज पारखून पोट भरते मी, आणि घरचा हरवून बसले. बाबांना हे कळू देऊ नकोस.

काम मी घेतलं आहे. आईची नक्कल करणार नाही. करून जमणारही नाही. तू सिनेमा पाहायला गेली नाहीस तरी मी समजून घेईन, पण वाईट वाटेल.

तब्येतीला जप. माझा जीव तिथेच अडकलेला असतो, हे काय पत्रात लिहायचं.

तुझी,
ताई

२ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गेले होते. आणि ऐक, बाबाही आले. मी बूट घालत होते तर ते कोट चढवून दारात उभे. कुठे निघालात म्हटलं, तर म्हणाले की तू जातेस तिथेच.

थिएटरात सगळ्या आपल्या वयाच्या बायका, पोरांना पुढे करून आलेल्या. पोरं खाण्यात दंग, आणि विनोद यायच्या आधीच आया हसतायत. किटली दिसली तेव्हा माझ्या शेजारची चक्क डोळे पुसत होती. मला वाटायचं ती चेटकीण फक्त आपल्या घरी यायची.

तुझं हसणं आईसारखं नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मनात चर्र झालं, मग हायसं वाटलं. आईचं हसणं जिथल्या तिथे होतं.

पण पुढे तिची जादू संपते, ती बसथांब्यावर त्या लहान मुलीशेजारी येऊन बसते, आणि वारा आहे, गळ्यापर्यंत बटणं लाव, असं सांगते ना. तिथे तू नाकातून बोललीच नाहीस. साधं बोललीस. बाबांनी माझं मनगट धरलं. इतकं घट्ट की बांगडी रुतली. बाहेर आल्यावर कितीतरी वेळ ते भिंतीला टेकून उभे होते. मग म्हणाले, ती अशी बोलायची.

मी रस्त्यातच रडले. लोक बघत होते, बघू देत. आणि तुझं गुपित फोडलं मी त्यांच्यापाशी. आता काय शिक्षा करायची ती कर, पण माया कमी करू नकोस.

तुझी,
ठमी

९ नोव्हेंबर

चि. मोठीस,
अनेक आशीर्वाद.

मला पत्र लिहायची सवय नाही. चुकलं तर सांभाळून घे.

तुम्ही दोघी त्या कॅसेटपुढे बसलात की मी घराबाहेर पडायचो. तुम्हाला वाटलं असेल की मला ते सोसत नाही. तसं नव्हतं. ते सोंग ऐकत राहिलो तर त्याखाली तिचा खरा आवाज बुजून जाईल, अशी भीती होती. म्हणून तो मी एकट्याने जपला. तुम्हाला त्यातलं काही द्यावं हे सुचलं नाही. तुम्ही विचारलं नाही, मी सांगितलं नाही, आणि वर्षं निघून गेली. ही चूक माझी.

तुझ्याशी आठवड्याला फोनवर बोलतो, पण तू कामाचं घाईघाईने बोलतेस, त्यात तिचा आवाज कधी ओळखू आला नाही. त्या अंधारात तू सावकाश बोललीस.

हल्ली जेवणं झाली की ठमी मला रोज एक प्रश्न विचारते. आई चिडली की काय म्हणायची, गुणगुणायची का, असं. मी सांगतो. काल तिने विचारलं की आई मला हाक कशी मारायची. मी करून दाखवायला गेलो. माझा घसा म्हाताऱ्या पुरुषाचा, त्यातून ती निघेना. ठमी ताटं उचलून आत गेली.

तू सुट्टी काढून ये. हाक कुठे लांबवायची, कुठे सोडायची, ते मी तुला सांगेन. ठमी आतल्या खोलीत असेल तेव्हा तू बाहेरून तशी हाक मार.

पत्राचं उत्तर पाठवू नकोस. गाडीची वेळ कळव.

बाबा