हुरड्याला नाही म्हणताना

आर्णी, १५ सप्टेंबर २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

न विचारता हे पत्र लिहिण्याचे धाडस करीत आहे, याची आधी क्षमा मागते. समोर बसून बोलणे मला जमले असते, तर हे सारे घडलेच नसते.

यंदा राखी तुम्ही स्वतः न येता टपालाने पाठवलीत. बाबा ते पाकीट हातात धरून बराच वेळ बसले. जानेवारीत तुमच्या शेतातला हुरडा खाल्ल्यावर तिसऱ्या दिवशी माझे आतडे तुंबून फुटले, यवतमाळला तातडीने शस्त्रक्रिया झाली. तेव्हापासून तुम्ही स्वतःलाच दोष देता, असे तुमचा अमरदादा सांगत होता.

खरे असे की, मला क्रोनचा आजार आहे. आतडे सुजून अरुंद होत चालले आहे, हे दोन वर्षांपूर्वीच कळले होते. डॉक्टरांनी कोंड्याचे दाणे बंद केले होते. पोटाचे दुखणे सांगायची लाज वाटून मीच बाबांना ते सगळ्यांपासून लपवायला लावले.

लहानपणी तुम्ही फुंकर मारून कोंडा उडवायच्या आणि गरम दाणे माझ्या फ्रॉकच्या ओच्यात टाकायच्या. काळी झालेली बोटे मी शाळेतही तशीच न्यायचे. तीच ओंजळ पुन्हा पुढे आली, आणि नाही म्हणणे मला सुचलेच नाही.

आपली,
गुंजन

राळेगाव, २२ सप्टेंबर २०२५

चि. गुंजनले अनेक आशीर्वाद.

सांगून मी राह्यली, लिहून आपली सूनबाई दिपाली राह्यली. पहिल्या नंबराची पोरगी तू, अन् एवढं सांगता नाही आलं तुले? दोन साल लपवलं काहून? मले वाटलं, माह्याच हातानं पोर गेली असती. औंदा ज्वारी पेरलीच नाही. बियाणं कोपऱ्यात पडलं हाये. आता काय चालते, काय नाही, ते तुह्या हातानं लिहून धाड. लाजशील तं बोलणार नाही.

तुही आत्या,
तानाबाई

आर्णी, २७ सप्टेंबर २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

शस्त्रक्रियेत पोटावर लावलेली शौचाची पिशवी मे महिन्यात निघाली; आतडे पुन्हा जोडले. मऊ भात, मुगाचे वरण, ताक चालते. शेंगदाणे चालत नाहीत. हुरडा चालत नाही. आत्या, हे वाक्य लिहायला मला सकाळपासून तीन कागद लागले.

तरी ज्वारी पेरा. हंगामात मी येईन, कणसे भाजीन, फुंकर मारून पहिली ओंजळ तुमच्यापुढे करीन. तुम्ही मात्र नाही म्हणू नका.

लोभ होता तिथेच असू द्यावा.

आपली,
गुंजन

टपालपेटीत टाकले: शनिवार, २७ सप्टेंबर २०२५, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटे.