आंबट मुळं

प्रिय मिरे,

तुझा निरोप मिळाला. ‘बाबा आता नाहीत, तेव्हा माझ्या बाळंतपणासाठी आपण इतक्या लांब येण्याची तसदी घेऊ नये. सासूबाई आहेत, सगळं व्यवस्थित होईल. आपण काळजी घ्यावी.’ वाचून मी आधी पाठवणाऱ्याचं नाव तपासलं. इतका सभ्य मजकूर मला फक्त आमच्या संस्थेच्या प्रशासन विभागाकडून येतो, तोही काहीतरी नाकारताना. त्याच्याकडे येतेच, आधी ऑफिसातली बातमी सांगते, कारण ती सांगायला घरात आता कोणी नाही. तुझे बाबा निदान वर्तमानपत्राआडून ‘हं’ तरी म्हणायचे.

तुला ठाऊकच आहे, पोटासाठी मी झाडांना उपाशी ठेवते. काचघरात दोन बाक, दोन्हीवर एकाच जातीची रोपं. एका बाकाला सगळं खत, दुसऱ्याला फॉस्फरस सोडून सगळं. म्हणजे दुसऱ्या बाकाच्या वाळूत तो असतो, पण तिच्यातल्या लोखंडाच्या गंजाला असा घट्ट धरून बसलेला की नुसत्या पाण्यानं सुटत नाही. अशा जागी हे झाड वरची वाढ आवरती घेतं, पानं पिवळी पडतात, आणि खाली, जिथे कोणी बघत नाही, तिथे मुळांना बारीक मुळ्यांचे दाट झुपके फुटतात, बाटली धुवायच्या ब्रशसारखे. त्या झुपक्यांतून आम्ल पाझरतं, लिंबात असतं तेच. ते गंजाची पकड सैल करतं आणि अडकलेला फॉस्फरस झाडाला मिळतो. त्यासाठी झाड स्वतः बनवलेल्या साखरेचा मोठा वाटा ओततं, तेही उपाशी असताना. आमच्या हिशेब विभागाला कळलं तर झाडावर आक्षेप काढतील.

तर बाबा गेल्यावर मी रजेवर होते, तेव्हा संचालक काचघरात फेरी मारायला आले. महिनाअखेरीला बाहेरचे पाहुणे येणार होते. पिवळा बाक बघून ते हबकले. ‘ही काय अवकळा! लोकांना वाटेल आपण झाडं मारायची संस्था चालवतो.’ माळ्याला हुकूम सुटला. मी परतले तर दोन्ही बाक सारखेच हिरवेगार. माळी ओशाळून म्हणाला, ‘बाई, साहेब म्हणाले पोटभर घाला, मी घातलं. खरं सांगू का, मलाही बरं वाटलं.’ पाहुण्यांनी दोन्ही बाकांपुढे उभं राहून फोटो काढले. फरक काय, हे कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर दाखवायला तो उरलाही नव्हता.

मी लग्न करून तुमच्या घरात आले तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस. तुझी आई जाऊन फार दिवस झाले नव्हते. सगळ्यांनी मला बजावलं होतं, पोरीला गोडीगुलाबीनं घे. घेतलं. गोष्टी सांगितल्या, वेण्या घालू का म्हणून विचारलं, सायकल आणली. तू दर वेळी ‘नको, थँक्यू मावशी’ म्हणायचीस आणि दार हलकेच लावून घ्यायचीस. आपटलं असतंस तर बरं वाटलं असतं. मग एका संध्याकाळी तुझा गणिताचा पेपर माझ्या हाती आला आणि जीभ सुटली : ‘वा! बावीसमधून सात गेले की पंचवीस उरतात! घरात थोर गणिती निपजली म्हणायची.’ तुझे बाबा जागच्या जागी गारठले. तू मात्र पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलंस आणि म्हणालीस, ‘तुमचा भात रोज करपतो. तुम्ही कसल्या शास्त्रज्ञ?’ दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्या आल्या दप्तर टाकून थेट माझ्यापुढे हजर, नवीन भांडण घेऊन. पुढे त्या भांडणांच्या फटींतूनच बाकीचं सगळं आलं. आईचा आवाज तुला आठवेनासा झालाय, हे तू मला सांगितलंस ते ‘तुम्ही फार भसाडं गाता’ या वाक्याच्या शेपटाला जोडून. मी भांडी घासत होते. वळून बघितलं नाही, बघितलं असतं तर तू थांबली असतीस.

तुझ्या निरोपाला मी उत्तर लिहून ठेवलं होतं : ‘बरं. सर्वांना शुभेच्छा.’ पाठवायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी खत घालून प्रयोग बिघडवलेली ती रोपं उपटून आम्ही मुळं धुवायला घेतली. वरच्या भागात जुने झुपके होते, वाळूचा कण न् कण धरून बसलेले, बोटांनी चोळूनही सोडेनात. त्यांच्या खाली, खत मिळाल्यावर वाढलेली मुळं : लांब, पांढरी, गुळगुळीत. झुपका नावाला नाही. वाळू पाण्याबरोबर आपोआप निघून गेली. माळी खूश झाला, ‘खालची किती स्वच्छ निघाली बघा.’ माझा हात नळाखाली तसाच राहिला. घरी येऊन मी ते ‘बरं’ खोडलं आणि हा कागद घेतला.

बाबा गेल्यापासून आपण दोघी एकमेकींशी फार नीट वागतोय. मला त्याची भीती वाटते. आपलं नातं त्यांच्यामुळे होतं, ते गेले की नातंही संपलं, असं तू समजत असशील तर तसं स्पष्ट सांग. कायद्यानं आणि लोकांच्या मतानं तू चूक ठरणार नाहीस. तुझ्या सासूबाई जीव लावणाऱ्या आहेत, म्हणजे माझी गरज आहे का हेही मी विचारत नाही. आणि कर्तव्य म्हणशील तर तसलं काही बाबांनी माझ्यावर सोपवलेलं नाही. ते गेले त्या दिवशी सकाळी त्यांनी फक्त चष्मा कुठे आहे एवढंच विचारलं होतं. रजा टाकली आहे, तिकीट काढलेलं नाही. पुढचं वाक्य मी दोनदा विनोदी करून पाहिलं, होत नाही, तेव्हा जसंच्या तसं लिहिते. मला यायचं आहे. बाळाला बघायला सगळेच येतील. मला तुझ्याजवळ बसायचं आहे. येऊ का?

अजून तुझीच,
मावशी