सपत्नीक शिबिरार्थी

४ जानेवारी, उदगीर
नांदेडला विभागीय साहित्य संमेलन. त्यात तीन दिवसांची कथालेखन कार्यशाळा. फॉर्म भरला. 'सपत्नीक' समोर टिक केली गेली, पुढे बायकोचं नावही. चाळीस वर्षं सगळीकडे जोडीनेच गेलो, हाताला तेच वळण. दानम्माला जाऊन तीन महिने होत आले. पण खाडाखोड केली की फॉर्म घाण दिसतो. राहू दिलं.

मी पूर्ण सावरलोय. लेखक माणूस तटस्थ असतो. मुलगा मोंढ्यातली आडत सांभाळायची सोडून दिवसातून तीनदा फोन करतो. त्याला सांगितलं, बापाची कादंबरी रंगात आलीय.

संकल्प : कार्यशाळेत कादंबरीतलं किल्ल्याच्या वेढ्याचं सातवं प्रकरण वाचायचं. शेवटच्या दिवशी निवडक एक लेखन मुख्य मंचावर वाचलं जातं. ते माझं असेल. दुसऱ्या कुणाचं असायला कारण दिसत नाही.

१७ जानेवारी, एसटीत
शेजारच्या सीटवर रुमाल टाकून बसलो. उभ्या असलेल्या एका बाईने विचारलं, कोण येणार हाय का. मी हाव म्हणालो. मुखेडपर्यंत ती माझ्याकडे रागाने बघत होती.

दानम्मा वाटभर बोलत होती. खिडकी लावा, मफलर कुठंय. हे डॉक्टरला सांगण्यासारखं नाही. शिवाय लेखकाला आवाज येतातच. मला खरं तर सेनापतीचा यायला हवा. येतो हिचा.

१८ जानेवारी, दुपार, नांदेड
उद्घाटन अकराला होतं. सत्कार आटपून दीडला झालं. गळ्यात घालायचे दोन बिल्ले मिळाले. दुसऱ्यावर 'सौ. दानम्मा बसवंत'. परत करायला हवा होता. शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवला.

शिकवायला लातूरच्या उज्वला मॅडम. शाळेसारखी हजेरी घेतात. दानम्माताई, म्हणाल्या. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, बाहेर गेलीय. याला खोटं म्हणता येणार नाही.

खोलीत सोबतीला हिमायतनगरचे नरसिंग गुरुजी. वहिनी कुठं उतरून राहिल्या, असं विचारत होते. नातेवाइकांकडे, म्हणालो.

१८ जानेवारी, संध्याकाळ
सातवं प्रकरण वाचलं. चारशे स्वार, तीन दिवस तोफा. संपल्यावर शांतता. भारावले असावेत. मग मॅडमनी विचारलं, तीन दिवस वेढा होता, तर आत स्वयंपाक कुणी केला?

हेच दानम्मा विचारायची. अगदी असंच, मान तिरकी करून. खुर्चीकडे बघितलं तर बिल्ला पालथा पडलेला. वर पंखा होता. पंख्यानेच.

१९ जानेवारी, सकाळ
स्वाध्याय मिळाला. घरात रोज घडणारी गोष्ट, एक पान. मॅडम म्हणाल्या, दानम्माताईंना यायला जमत नसेल तर त्यांचं पान तुम्ही आणा, नाव नोंदलंय तर लिहायला हवं. आता नाही कसं म्हणणार? शिवाय शेजारी एखादं साधारण पान असलं की माझं उठून दिसेल. मी धोरणी माणूस आहे.

१९ जानेवारी, दुपार
माझं पान दोन तास कोरं, मग कसंतरी भरलं. तिचं वीस मिनिटांत झालं. मी फक्त उतरवून घेतलं. 'आमचे मालक दुपारी कादंबरी वाचतात. मी तूर निवडत ऐकते. खडे लई निघाले की समजावं, आज प्रकरण लांबलं.' सगळं असंच. पान भरलं तशी 'साकु' म्हणाली, म्हणजे पुरे. भालकीचं माहेर, पुरे झालं की कानडीच यायची.

शेवटची ओळ पोटदुखीची. ती मी गाळणार होतो, तिने गाळू दिली नाही. अन्याय आहे हा. ती सांगती तर दवाखान्यात नेलं नसतं का? वाचा म्हणाली म्हणून वाचत राहिलो. सव्वा महिना. नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, उशीर झाला.

२० जानेवारी, सकाळ
निवड जाहीर झाली. सौ. दानम्मा. गुरुजींनी मिठी मारली. म्हणाले, वहिनीनं लई जबर लिहिलं, अप्पा. असं घरातच होतं तर तुम्ही काहून किल्ल्यात जाऊन बसले? आता बोलवा त्यांना.

काय करायचं ते ठरवलंय. पानांची अदलाबदल झाली, असं सांगायचं. म्हणजे निवड माझीच ठरते. नाहीच जमलं तर तिला ताप आलाय. दोन्ही बाजू पक्क्या आहेत.

२० जानेवारी, साडेपाच
तिचं नाव दोनदा पुकारलं. मी उठलो. अदलाबदलीचं सांगायचं राहिलं, तापाचंही राहिलं. सरळ वाचायलाच लागलो. खड्यांना लोक हसले. मग ती ओळ आली. 'एकदा तरी मालकांनी पान खाली ठेवून विचारावं, दानी, लई दुखायलंय का.'

पुढे काही लिहिलेलं नव्हतं. तरी माईकसमोरून हलता येईना. म्हणालो, ती दिवाळीच्या आधीच गेली. मी विचारलं नाही. हे मोठ्याने पहिल्यांदा म्हटलं. टाळ्या झाल्या नाहीत. उज्वला मॅडमनी हात धरून खाली आणलं.

२१ जानेवारी, एसटीत
गर्दी. शेजारी एक म्हातारा बसला. खिडकी उघडी राहिली, कुणी काही म्हणालं नाही.

२३ जानेवारी, उदगीर, दुपार
तीन दिवस झाले, ती बोललेली नाही.

आज आठवं प्रकरण काढलं. मुद्दाम मोठ्याने वाचलं, मुद्दाम सावकाश. स्वयंपाकाचा उल्लेख कुठेच नाही. तरी काही नाही. मग पान खाली ठेवलं आणि विचारलं.

मुलाचा फोन आला. काय करायलाव, म्हणाला. काही नाही, म्हणालो.