दाजींच्या दोराचा डोळा

२ मे, सोमवार
सिडकोत एका बंगल्यातल्या कडुनिंबावर आज दाजींच्या दोराची गाठ अडकली. फांद्या उतरवून झाल्या, दाजी खाली आले, मी दोर ओढायला लागलो तर टोकाची गाठ बेचक्यात जाऊन बसली. ओढलं, झटकलं, दोघं लोंबकळलो. हलेना. शेवटी दाजी दोराशिवाय वर गेले. तीस फूट तरी. मी खाली उभा, हात पुढं करून, जसं काही झेलणार होतो.
आक्काला सांगायचं नाही असं ठरलं.
मुकादम म्हणाला, टोकाला गाठ नको, विणलेला डोळा पाहिजे. टॉवरवाले वापरतात, तो कुठंच अडकत नाही. मी म्हणालो, मला येतं. का म्हणालो कोण जाणे. येतं ते गावी, पाचोडला, पोळ्याच्या आधी बैलांच्या दाव्यांना. अंबाडीच्या.
दाजी म्हणाले, "आमचं मेव्हणं लई गुणाचं निघालं की."

४ मे, बुधवार
शहागंज. खलीलभाईंचं दोर-ताडपत्रीचं दुकान. वय सत्तर असेल. मुकादमाचं नाव सांगितलं, गावाकडं डोळे केलेत म्हणालो. त्यांनी नायलॉनच्या तीनपदरी दोराचा तुकडा पुढं फेकला. "बना."
आजोबांनी शिकवलं तसं केलं. पीळ सोडून तिन्ही पदर सुटे. टोक वळवून डोळा. मग एकेक पदर दोराच्या पिळात खोवायचा, एकावरून, एकाखालून. तिन्ही पदर एकदा खोवले की एक फेरा. तीन फेरे झाले, थुंकी लावली, पायाखाली रगडलं, पुढं ठेवलं.
खलीलभाईंनी डोळ्यात पाय अडकवून दोन झटके दिले. दुसऱ्याला सगळे पदर सरसरत बाहेर.
"बैल का है ये?"
मी हो म्हणालो.
"बैल छूटा तो पडोसी का खेत खाता. आदमी छूटा तो लोगां मेरी दुकान पे आते."
नायलॉन गुळगुळीत, अंबाडीसारखं धरत नाही. पाच फेरे. कमी चालणार नाही.

५ मे, गुरुवार
तिसरा फेरा झाला की अंगठा आपोआप ओठाकडं जातो, थुंकीसाठी. हाताला वाटतं काम संपलं. सात तुकडे केले, चार वेळा तिसऱ्यालाच थांबलो. खलीलभाई पदर उचकटायचा लाकडी सुवा बोटांवर मारतात. "थूक मत. मैं ये दोर बेचता."
दहावीला गणितात गेलो तेव्हाही असंच. शेवटची पायरी राहायची आणि वाटायचं उत्तर आलं.
आजपासून ठरवलं: प्रत्येक डोळ्याचे फेरे त्याच दिवशी इथं लिहायचे. फे. ३, ५, ३, ३, ५, ३, ५.

८ मे, रविवार
फे. ५. फे. ५. फे. ५.
दुकानाच्या गर्डरला दोर टाकून डोळ्यात दोन पोती आणि वर मी, असं लटकलो. हललं नाही. खलीलभाईंनी सुवा बाजूला ठेवला, म्हणजे पास.
मग गुंडाळण शिकवलं. विणलेल्या भागावर मेणाचा दोरा घट्ट वेढायचा, म्हणजे बेचक्यातून सरकतो. त्यावर पंक्चरचं सोल्युशन चोपडायची कल्पना माझी. वाळलं की टणक, एकसारखं, काळं. खलीलभाईंनी चष्मा वर करून पाहिलं. "दुल्हन सजाया तूने."
घरी दाजींना दाखवलं. त्यांनी उलटंपालटं करून पाहिलं. "झकास. आता थंडीच्या आत मला एक स्वेटर विणा, पाव्हणं." आक्का खूप हसली. मीही.

१० मे, मंगळवार
दाजींच्या नव्या दोराचा डोळा झाला. घरीच बसलो. मध्ये नळ आला, सातव्या दिवशी, तेही वेळ सोडून. आक्कानं हाक मारली. उठून ड्रम, दोन टाक्या, सगळ्या बादल्या, शेवटी पातेली. हात पुसून पुन्हा बसलो आणि पूर्ण केलं. गुंडाळण आजवरचं सगळ्यात छान. एक वेढा दुसऱ्यावर चढलेला नाही. सोल्युशनचे दोन हात.

११ मे, बुधवार
दोर बेचक्यातून असा निघून आला की दाजी बघत राहिले. मुकादमासमोर म्हणाले, "ह्यो आमच्या दिगूनं केलाय." दिवसभरात तीन झाडं. आधी दोन व्हायची.
आक्काला फोनवरसुद्धा सांगितलं त्यांनी. मी ऐकलं.

१३ मे, शुक्रवार
सहज मागची पानं चाळली. १० तारखेला फे. लिहिलेले नाहीत. गुंडाळण छान, सोल्युशन, वेढे. फेरे नाहीत.
पाच केले असतील म्हणूनच लिहिले नसतील. की मोजलेच नाहीत म्हणून.
नळ आला तेव्हा कितवा चालू होता? आक्काची हाक आठवते. हातातला सुवा खिडकीत ठेवला ते आठवतं. अंगठा ओला होता, पण तो थुंकीनं की नळाच्या पाण्यानं...

१४ मे, शनिवार
दुपारच्या सुट्टीत दाजी आडवे झाले होते तेव्हा दोर घेऊन चाचपला. सरावाचा पाच फेऱ्यांचा तुकडा खिशात होता, तो शेजारी धरला. गुंडाळण सारख्याच लांबीचं. पण ते तर मी दर वेळी एक वीत मोजूनच करतो, आत काही असो. दाबून पाहिलं. सोल्युशननं दगड झालाय, आतलं काही लागत नाही.
दाजी डोळे मिटूनच म्हणाले, "काय रे, मुका घ्यायलास का दोराचा?"
सांगायचं होतं. तेवढ्यात मुकादमानं हाक मारली, दाजी उठले, पट्ट्याचा हुक डोळ्यात अडकवला, वर गेले.

१५ मे, रविवार
खलीलभाईंना विचारलं, एका माणसाला फेरे आठवत नाहीत, तर त्यानं काय करावं.
ते वजन करत होते. "वो आदमी का दोर किधर है?"
म्हणालो, वापरात आहे.
"खोल के देखने का."
म्हणालो, वर सोल्युशन लावलंय. ब्लेडनं खरवडावं लागेल, पदराला कट जाईल, म्हणजे डोळा गेलाच. आणि पाच निघाले तर?
"तो पाँच निकले." आणि गिऱ्हाइकाकडं वळले.
घरी आलो. दाजींचं दोर-करवतीचं पोतं दारामागं. ब्लेड माझ्या खिशात. दाजी आणि आक्का आतल्या खोलीत टीव्ही बघत होते, दाजी कशाला तरी हसत होते. उद्या कॉलेजच्या गेटवरचा शिरीष छाटायचा आहे, वायर अगदी जवळून गेलेली, वीजवाले फक्त दहा ते बारा लाइन बंद ठेवणार. दोर कापला तर उद्या चढणार कशावर? गाठीवर. मग दाजी विचारणार, का कापला. मग मुकादम विचारणार.
पोतं उघडलं नाही.

१६ मे, सोमवार
सव्वादहाला दाजी वर. मी खाली दोर सांभाळायला. शिरीषाची एक फांदी लांब, रस्त्यावर आडवी. तिच्या टोकाला जायचं तर दोरावर पूर्ण भार टाकून झोका घ्यावा लागतो. दाजींनी पहिला झोका घेतला. हात पुरला नाही. परत आले. दुसऱ्यासाठी पाय टेकवले.
माझ्या डोळ्यांसमोर अंगठा आला, ओठाकडं जाणारा.
खरं ओरडून सांगितलं तर दाजी वर घाबरतील. आणि उतरायचं तर त्याच दोरावर. म्हणून म्हणालो, "दाजी, चहा आलाय."
"आत्ता? लाइन बाराला चालू होईल ना बाबा."
"थंड होईल. या ना."
माझ्या आवाजात काय होतं माहीत नाही. ते थांबले, खाली बघितलं आणि उतरायला लागले. सावकाश. मी त्यांच्याकडं नाही, डोळ्याकडं बघत होतो, पण डोळा त्यांच्या पोटाशी, हाताआड. दिसेना. पाय जमिनीला लागले तेव्हा मी खाली बसलो.
"कुठाय चहा?"
सांगितलं. सगळं. नळ, फेरे, वही.
दाजींनी पट्ट्याचा हुक सोडला, दोर माझ्या मांडीवर टाकला. "काप."
ब्लेडनं सोल्युशन खरवडलं, दोरा तोडला. दोन पदर पाच-पाच फेरे. तिसरा पदर तीन. त्याचं टोक भारानं आत ओढलं गेल्यासारखं वाटलं. की मीच आखूड सोडलं होतं, सांगता येत नाही.
"म्हंजे काय?" दाजी म्हणाले. "टिकला असता का नसता?"
"माहीत नाय."
"पाच दिवस मी ह्यावर..."
मुकादम आला, घड्याळ बघून नाही नाही ते बोलला. मला, मग दाजींना. दाजींनी ऐकून घेतलं. जुन्या दोराला गाठ मारून वर गेले. फांदी अर्धीच झाली. बाराला लाइन चालू.

१७ मे, मंगळवार
कापलेला डोळा खलीलभाईंकडं नेला. त्यांनी तिसरा पदर नखानं मागंपुढं केला, बराच वेळ.
मी विचारलं, सुटला असता का?
"पाँच दिन चला ना?"
हो.
"छठे दिन का मैं नहीं बोलता." मग म्हणाले, "दुल्हन मत सजा. पहले गिन."
दाजी दिवसभर गाठीवर. दोनदा अडकली. दोन्ही वेळा दोराशिवाय वर गेले आणि माझ्याकडं बघितलं नाही.

१९ मे, गुरुवार
काल रात्री जेवताना दाजींनी आक्काला सगळं सांगून टाकलं, गंमत म्हणून. "तुझा भाऊ म्हणतो चहा आलाय. झाडावरून चहाला उतरणारा मीच पहिला असंल." एकटेच हसले.
आक्का भाकरी वाढता वाढता थांबली. मला वाटलं मला बोलेल. म्हणाली, "पाण्याला मीच उठवलं त्याला."
म्हणालो, तसं नाही आक्का, माझंच चुकलं.
आज नळ आला तर तिनं हाक मारली नाही. सगळे ड्रम एकटीनं भरले. मी उठलो तर म्हणाली, "तू बस. तुझं काम कर."
दुपारी दुकानात बसून नवीन डोळा केला. प्रत्येक फेरा खलीलभाईंनी बोटानं मोजला. पहिला पदर ५, दुसरा ५, तिसरा ५. फे. ५. फे. ५. फे. ५. तीनदा लिहिलं तरी पुन्हा लिहावंसं वाटतं. गुंडाळण साधं, सोल्युशन नाही. गर्डरला दोन तास पोती लटकवून ठेवली.
दाजींना म्हणालो, एकदा तुम्ही मोजा. ते बाजेवर मोबाइल बघत होते. "मी मोजून काय करू? तू मोजलंस ना." रागानं म्हणाले की विश्वासानं, कळलं नाही.

२१ मे, शनिवार
उद्या वैजापूर. तहसीलच्या आवारातला वड, दोन दिवसांचं काम. रविवारी ऑफिस बंद म्हणून उद्याच सुरुवात.
दाजींनी पट्टा, करवत, हुक घेतले. मग दोन्ही दोर. गाठीचा आणि माझा.
मी विचारलं, उद्या कुठला वापरायचा?
"झाडाखाली गेल्यावर बघू."
आक्का चटणीची पुडी बांधत होती. ती माझ्याकडं बघत राहिली, दाजींकडं नाही.
गाडी सकाळी साडेपाचला. पोतं मी उचलून दाराशी ठेवलं. माझा दोर तळाशी आहे. गाठीचा वर.