शिरोळच्या दवाखान्याची माती

राजारामपुरी, कोल्हापूर
१८ नोव्हेंबर २०२४

चि. अनेकांत,

जय जिनेंद्र. इकडं सगळे बरे आहेत. आईचा गुडघा थंडीनं धरलाय, एवढंच. काल तीनदा फोन केला. तिन्ही वेळा तुझी पूर्णिमा म्हणाली, "ते आंघोळीला गेल्यात." दिवसात तीनदा कोण आंघोळ करतं? म्हणून पत्र.

शिरोळला डॉ. राजवीर घाटग्यांच्या दवाखान्याचे पाये खणायला घेतलेत. मंगळवारी बघायला गेले होते. जेसीबीवर केरबा होता. म्हणाला, "म्याडम, तुमच्या कागदात कठीण मुरूम लिवलाय म्हणं. मुरूम कुठं हाय? धा फुटांवर बी काळी मातीच की!" मी हसून घेतलं. खड्ड्यात उतरले, तर एक चप्पल तिथंच रुतून राहिली.

तुझ्या लॅबच्या माती-अहवालात कठीण थर आहे. त्याच्यावरच मी भूकंपात इमारतीवर येणारं बळ काढलं. आपला भाग तिसऱ्या झोनमध्ये येतो. दवाखाना म्हणून बळ साध्या घराच्या दीडपट धरलं, तिथं काही कमी केलं नाही. पण खाली कठीण थर की मऊ माती, त्यावर आकडा फिरतो, हे तुला मी सांगायला नको. मऊ माती धरून पाच मजल्यांचं गणित परत केलं. बळ आणखी दीडपटीहून जास्त आलं. म्हणजे मी सही केलेले खांब कमी पडतात. त्यांच्यावर बाळंतिणींचा मजला आहे.

मग पन्हाळ्याच्या हॉटेलचा तुझा दोन वर्षांपूर्वीचा अहवाल काढला. मातीच्या तपासणीसाठी घेतलेल्या तिन्ही बोअरचे आकडे शिरोळच्या अहवालातलेच. दशांशासकट.

इथं थोडा वेळ पेन ठेवलं होतं. खरं सांगते, तो अहवाल मी मंगळवारी काढला नाही. मार्चमध्येच काढला होता. आकडे ओळखीचे वाटले, दोन्ही कागद शेजारी ठेवून बघितले, आणि खांबांच्या आराखड्यावर सही केली. टायपिंगची चूक असेल, असं मनाला सांगितलं. तेव्हापासून तुझ्या प्रत्येक बोलण्यात काहीतरी शोधत असते. भाऊबीजेला ओवाळताना तू विचारलंस, "आक्का, शिरोळचं कधी सुरू होतंय?" तो प्रश्न साधाच होता का, मला अजून कळलेलं नाही.

आज सकाळी डॉक्टरांना भेटून काम थांबवायला सांगितलं.

"अहवाल कुणाचा?"

"माझ्या भावाचा."

"आणि सही?"

"माझी. शंका असताना केलेली."

त्यांनी समोरचा नकाशा गुंडाळून ठेवला. मग म्हणाले, "खांब उभे राहिल्यावर तुम्ही बोलला असतात, तर मी काय केलं असतं?" तिथून थेट निघाले. नगरपालिकेत सही मागं घेतल्याचं पत्र दिलंय. बुधवारी सांगलीची लॅब नव्यानं बोअर घेणार. हे काम बहुतेक माझ्याकडून गेलं. जाऊ दे.

आठ महिने तुझ्यावर संशय घेतला, पण तोंडानं विचारलं नाही. उत्तराची भीती होती. आता विचारते. शिरोळच्या त्या जागेवर तू बोअरचं मशीन नेलं होतंस का?

नसशील नेलं, तरी घरी ये. पण खोटं बोलायला येऊ नकोस.

तुझी,
विजयमाला आक्का