नऊ नंबरबद्दल माझं मत

३ मार्च, सोमवार
आजपासून रोज लिहिणार. लिहिणारा माणूस पुढे जातो. मी आठवीत थांबलो ते गणितामुळे, लिहिण्याचा त्यात दोष नाही.

ठरवलंय: धुलाईतून सुटायचं. लॉन्ड्रीच्या गाडीवर मदतनीसाची जागा रिकामी झालीय. हॉटेलांत धुतलेल्या चादरी पोचवायच्या, वारा खात फिरायचं. इथे मशीनपाशी साबणाच्या पाण्यानं हातांची सालं निघालीत. आईनं परवा व्हिडिओ कॉलवर हात बघितले आणि रडायलाच लागली. मग सांगून टाकलं, मला गाडी मिळाली. मिळणारच आहे. थोडं आधी सांगितलं, एवढंच.

जागा कुणाला द्यायची ते मुकादम ठरवणार. त्याचं माझ्याबद्दल मत चांगलं असावं. अजून बोलला नाही.

४ मार्च, मंगळवार
मुकादम देवमाणूस. त्यानं स्वतःच्या सिनेमाच्या ॲपचा पासवर्ड आमच्या खोलीला दिला. म्हणाला, नऊ नंबरवर डॉक्युमेंटरी आलीय, बघा, जरा माणसांत या. नऊ नंबर म्हणजे तो नऊ नंबरची जर्सी घालणारा फुटबॉलपटू, आणि मुकादम त्याचा भक्त आहे. लॉकरवर फोटो, आणि इथल्या चाहत्यांच्या मंडळाचा सेक्रेटरी.

आम्ही तिघं बघायला बसलो. मी, माझ्या वरच्या बंकवरचा चष्मिस आणि प्रेसवाले काका.

मी वीस मिनिटं बघितली. पुरे. शितावरून भाताची परीक्षा. नऊ नंबर लहानपणी गरीब होता म्हणे, आणि ती गरिबी काय सावकाश दाखवलीय! मागे पियानो. आमच्याकडे गरिबी होती तेव्हा पियानो नव्हता. एक फाटका बूट उजेडात धरून चारही बाजूंनी दाखवला. फुटबॉल कुठाय?

काका डोळे पुसत होते. म्हटलं, काका, तो रडायचे पैसे घेतो. काका म्हणाले, मी फुकट रडतोय, तुझं काय गेलं?

खाली प्रेक्षकांनी मत लिहायची सोय आहे. लिहिलं: ‘डॉक्युमेंटरी आहे की बुटांची जाहिरात?’ वर आपोआप ‘तुम्ही’ असं उमटलं. म्हणजे मी. बरं वाटलं.

६ मार्च, गुरुवार
माझ्या मताखाली शिव्यांचा पाऊस. एक म्हणतो, जन्मात कधी चेंडूला पाय लावलायस का? लावलाय. शाळेच्या टीमचा गोलकीपर होतो. (त्याला हात लावायचा असतो, तरी लावलाय.)

पण माझ्या बाजूचेही आहेत. एकाला नऊ नंबरची बायको जास्त बोलते असं वाटलं. एकानं दिग्दर्शकाला रेड कार्ड दाखवलं. एकानं लिहिलं, माझे दोन तास परत करा. या लोकांना माझ्यामुळेच कंठ फुटला.

ताईला फोनवर सांगितलं. तिनं विचारलं, पूर्ण बघितलीस का? म्हटलं, गरज नाही. ती म्हणाली, तू अर्ध्या हळकुंडानं पिवळा होणारा. ताईला फुटबॉल कळत नाही.

९ मार्च, रविवार
सुट्टी. मोठं काम झालं. लिहिलं: ‘याची ती गाजलेली पेनल्टी माझ्या आजीनंही मारली असती, आणि तिला मोतीबिंदू आहे.’ मग लिहिलं: ‘याचे चाहते म्हणजे मेंढरं, आणि त्यांचं मंडळ म्हणजे मेंढरांची हजेरी.’ (मुकादम त्यात येत नाही. तो समजूतदार आहे.)

खाली नाव टाकत नाही. खरा टीकाकार भाषेवरून ओळखू येतो.

११ मार्च, मंगळवार
मुकादम सकाळपासून पिसाळलेला. मंडळानं त्याचं सेक्रेटरीपद काढलं म्हणे. कशावरून, ते कुणी सांगेना. मी जवळ जाऊन म्हटलं, साहेब, लोक जळतात तुमच्यावर. त्यानं माझ्याकडे बराच वेळ बघितलं. आजवर एवढं कधी बघितलं नव्हतं. गाडी नक्की.

१२ मार्च, बुधवार
चोरी! उघड उघड चोरी!

काकांच्या फोनवर त्यांच्या मुलीनं तेच ॲप घालून दिलंय. त्यात माझी मतं बघितली. बूट, आजी, मेंढरं, शब्दन् शब्द माझा. आणि वर नाव मुकादमाचं! पासवर्ड देऊन मोठेपणा मिरवतो आणि माझी वाक्यं स्वतःच्या नावावर खपवतो.

चष्मिस म्हणाला, अरे, अकाउंट त्याचं आहे ना. म्हटलं, अकाउंट त्याचं असेल, डोकं माझं आहे. काका म्हणाले, झाकली मूठ सव्वा लाखाची, गप्प बस. वयानं माणूस घाबरट होतो.

उद्या चारचौघांत विचारणार. मुकादम ओशाळला की गाडी देऊनच मोकळा होईल.

१३ मार्च, गुरुवार
विचारलं. पाळी बदलताना, दोन्ही पाळ्यांची माणसं असताना. म्हटलं, ती मतं तुम्ही लिहिली असं लोक समजतात, ते साफ खोटं आहे.

मुकादम म्हणाला, हेच मी घसा फोडून सांगतोय, कोण ऐकतंय? मग कुणी लिहिली?

म्हटलं, मी. त्यानं विचारलं, पुरावा? मी सगळी तोंडपाठ म्हणून दाखवली. आजीला लोक हसले. मेंढरांना कुणी हसलं नाही. मुकादमानं फोन वर धरून सगळं रेकॉर्ड केलं आणि तिथल्या तिथे मंडळाला पाठवलं. मग माझा सोललेला हात दोन्ही हातांत धरून म्हणाला, तुझे उपकार कसे फेडू तेच बघतो.

सत्याचा विजय. आईला फोन करून सांगितलं, रविवारी निवांत बोलू.

१५ मार्च, शनिवार
गाडीवर चष्मिस.

मुकादम म्हणाला, गाडीवरचा माणूस म्हणजे गिऱ्हाइकासमोर कंपनीचं तोंड, आणि तुझं तोंड आम्ही ऐकलंय. मला हॉस्पिटलच्या चादरींवर टाकलं. धुवायच्या आधीच्या. त्या निवडायच्या. तिथे दुसरं कुणी टिकत नाही, म्हणजे विचार करायला शांतता. पासवर्ड बदलला. हरकत नाही, मला त्या डॉक्युमेंटरीत बघण्यासारखं काही उरलं नव्हतं.

चष्मिस गाडीतून हात हलवत गेला. बघितलं नाही असं दाखवलं.

१६ मार्च, रविवार
आईचा कॉल. नव्या खात्यात कोपरापर्यंत रबरी हातमोजे देतात, ते घालूनच बसलो. म्हटलं, गाडीवरच्यांना असेच असतात. आई खूश झाली. म्हणाली, आता सालं निघणार नाहीत. मग म्हणाली, खाली जा आणि गाडी दाखव बघू.

म्हटलं, आई, रेंज गेली, तू स्क्रीनवर अडकलीयस. आणि तोंड अर्धं उघडं ठेवून, पापणी न हलवता बसून राहिलो.

आई म्हणाली, अरे, मग तुझ्यामागून टॉवेल घेऊन ते काका कसे चाललेत?

तरी मी हललो नाही.